कोंबड्यांची गादी आणि घरांतील रद्दी

परसांत चार कोंबड्या पाळणाऱ्या शहरवासी कुटुंबाला खुराड्यांतील गादीसाठीं लांकडाचा भुसा किंवा भाताचें तूस मिळतेंच असें नाहीं. रद्दी मात्र घरोघरीं असते. तिचा उपयोग अवश्य करावा, परंतु विचारपूर्वक.

वर्तमानपत्राचा सबंध कागद पसरूं नये. त्यावर नुकत्याच अंड्यांतून निघालेल्या पिलांचे पाय घसरून फांकतात, व वेळींच उपाय न केल्यास तें व्यंग कायम राहूं शकतें. म्हणून बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून त्यांचा दोनतीन इंच जाड थर द्यावा. टांचण्या आधीं काढाव्या. चकचकीत कागद ओल नीट शोषीत नाहीं, तो वगळावा.

साधा कागद ओल शोषतो खरा, पण भिजला कीं त्याचे थापे बनतात. ओल्या विष्ठेंतून निघणारा अमोनिया कोंबड्यांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना बाधतो. रक्ती हगवणीचा प्रसारही ओलींतच होतो. यास्तव भिजलेला भाग रोज काढून पालापाचोळ्याबरोबर कुजवावा. विष्ठेंतील नत्र व कागदांतील कर्ब यांच्या संयोगानें उत्तम खत होतें.

सारांश, गादी सदैव कोरडी ठेवाल, तरच ही फुकटची रद्दी कोंबड्यांना सुखावह होईल.