रस्ता कोणाचा?

(सिल्लोड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तालुक्याच्या गावी सायकलमार्गाचा विषय काढला की ऐकणाऱ्याला प्रथम हसू यावे, हे स्वाभाविक आहे. जेथे पादचाऱ्याला धड पदपथ मिळण्याची मारामार, तेथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग कोठून आणावयाचा? हा विषय मुंबई-पुण्याच्या लोकांचा, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु मुंबईत आज जे घडते ते दहा-पंधरा वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि त्यानंतर सिल्लोडसारख्या गावात घडते, हा आजवरचा अनुभव आहे. तेव्हा त्या वादाकडे आताच नीट पाहिलेले बरे.

वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सुमारे दीड दशकापूर्वी सायकलमार्ग बांधला. २०२५ साली त्याच प्राधिकरणाने तो काढून टाकण्याचे ठरविले. कारण दिले वाहतूककोंडीचे. मार्ग काढला की मोटारींसाठी आणखी एक पदरी जागा मिळेल, असा हिशेब. यावर दोन तट पडले. एक म्हणतो, मार्ग ओस पडला होता, त्यावर गाड्या उभ्या राहत. मग जागा अडवून ठेवण्यात कोणते शहाणपण? दुसरा म्हणतो, मोटारींसाठी सायकलस्वाराला हुसकावणे हा अन्याय आहे.

पहिल्या तटाचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. मार्ग ओस होता, हे मान्यच केले पाहिजे. पण तो ओस का होता, हा प्रश्न कोणी विचारावयाचा? संकुलात कामाला येणारा माणूस वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावर उतरतो. तेथून संकुलापर्यंत सायकलीने निर्धोक येता येत नसेल, तर संकुलाच्या आतला चकचकीत पट्टा त्याच्या काय कामाचा? दोन्ही तीरांना न टेकणारा पूल बांधावयाचा आणि त्यावरून कोणी जात नाही म्हणून तो पाडावयाचा, असा हा प्रकार झाला. त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो संकुलापर्यंत आली. स्थानकापासून कचेरीपर्यंतचे एक-दोन किलोमीटरचे अंतर हेच तर सायकलीचे खरे क्षेत्र! गरज निर्माण होण्याच्या वेळीच सोय काढून घेण्याचा निर्णय झाला.

पुण्याची कथा निराळी नाही. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ज्याची ख्याती, त्या पुण्याने २००६ नंतर जलद बससेवेच्या रस्त्यांलगत सायकलमार्ग आखले, २०१७ साली सविस्तर सायकल आराखडाही संमत केला. पण सलग मार्ग झालेच नाहीत. मध्येच झाड, पुढे विजेची पेटी, त्यापुढे हातगाडी. मग सायकलस्वार पुन्हा मोटारींच्या गर्दीत, आणि दोष मात्र सायकलीला.

आता मूळ प्रश्न. रस्ता कोणाचा? २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरील कामगार कामावर कसे जातात, याची नोंद केली. सुमारे तेरा टक्के लोक सायकलीने जात होते. मोटारीने जाणारे तीन टक्केही नव्हते. त्यानंतर वाहने पुष्कळ वाढली, हे खरे. तरीही ज्याच्या घामावर शहर उभे राहते तो गवंडी, पहारेकरी, दूधवाला अजून पायी किंवा सायकलीनेच कामावर पोहोचतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात सूत्रच असे आहे की रस्त्याची जागा वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटावी. कागदावरचे हे सूत्र रस्त्यावर उतरले नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानववादाची मांडणी केली. विकासाचे माप समाजातील अखेरच्या माणसावरून घ्यावयाचे, ही अंत्योदयाची दृष्टी ज्यांना मान्य आहे, त्यांनी रस्त्याचे मापही त्याच फूटपट्टीने घ्यावयास नको काय?

मोटारींसाठी पदर वाढविला की कोंडी सुटते, हा समजही तपासून पाहावा. रस्ता रुंद झाला की आजवर बस धरणारा माणूस गाडी काढतो, आणि थोड्याच काळात तोच रस्ता पुन्हा तुंबतो. कॅनडातील ओंटारियो प्रांताने २०२४ साली टोरंटोतील प्रमुख सायकलमार्ग काढण्याचा कायदा केला. जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. मार्ग काढल्याने कोंडी कमी होईल याला पुरावा नाही, उलट माणसांच्या जिवाला धोका वाढेल, असे न्यायालयास दिसले. सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले, ते वेगळे. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण तोही मुळात तसा राहिला नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेवर मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, दोन वर्षांनी तेलाचे संकट आले, तेव्हा कोठे त्या देशाने मोटारीमागे धावणे आवरले. पश्चिमेने जे चटके बसून सोडले, ते आपण प्रगती म्हणून उचलावे, ही अनुकरणाची जुनीच खोड आहे. आपल्याकडे तर सायकल परकी कधी वाटलीच नाही. लुधियानाच्या कारखान्यांनी ती गावोगाव पोहोचविली, आणि संघाचे कित्येक प्रचारक तिच्यावरूनच तालुकेच्या तालुके फिरले. तिला आयात तेलाचा एक थेंब लागत नाही.

आता सिल्लोडकडे वळू. संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा असा जळगावला जाणारा हा महामार्ग. बाजाराची मालवाहतूक त्यावरून, लेणी पाहावयास निघालेल्यांच्या गाड्या त्यावरून, आणि शाळेला निघालेली मुलगीही त्यावरूनच. मानव विकास कार्यक्रमातून राज्य शासन मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते. शाळा दूर म्हणून मुलीचे शिक्षण तुटू नये, हा हेतू स्तुत्यच. परंतु सायकल दिली आणि ती चालविण्यास रस्त्याची कडा ठेवली नाही, तर काय होते? कडेला खडी, पलीकडे उभे ट्रक, मागून भरधाव गाडी. बाप दोन दिवस पाहतो आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, ‘‘राहू दे बाई, घरीच राहा.’’ त्या मुलीची शाळा सुटली याची नोंद कोणत्याही वाहतूक अहवालात होत नाही.

येथे मुंबईसारखा रंगीत पट्टा कोणी मागत नाही. शाळा, बाजार समिती आणि बसस्थानक यांना जोडणारी, वाहनतळ न झालेली, खड्डे नसलेली सलग कडा मिळाली तरी पुष्कळ. त्यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. लागते ते आखणीच्या वेळचे लक्ष. काँक्रीट पडल्यावर जागा मागणाऱ्याला कोणी विचारीत नाही. नगररचनेच्या १९६६ च्या अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. बहुतेक ठिकाणी त्या मुदतीत येणारे अर्ज असतात ते स्वतःच्या भूखंडावरील आरक्षण उठविण्याचे. शाळेच्या रस्त्याविषयी अर्ज क्वचितच येतो. तो अर्ज शाखेतील चार कार्यकर्ते आणि शाळेच्या पालक सभेतील चार माता मिळूनही करू शकतात. सोबत सकाळी सात ते आठ या वेळेत त्या रस्त्यावरून किती सायकली गेल्या, याची मोजणी जोडावी.