फॉर्म कोरा ठेवा

(पनवेल येथे वाडी-कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज 'डिजिटल फॉर्म' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी घड्याळाकडे पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. जेवणाच्या आत संपवतो.

मी 31 वर्षं टंकलेखकाची नोकरी केली. आमच्या काळी फॉर्म म्हणजे सायक्लोस्टाइल. टाईपरायटरची रिबन बाजूला करून स्टेन्सिलवर टाईप करायचं, मग ती स्टेन्सिल यंत्रावर चढवायची आणि हँडल फिरवत बसायचं. संध्याकाळी घरी जाताना बोटं काळी. पण त्या फॉर्मचा एक गुण होता, जो मला फार उशिरा कळला. तो जन्मतःच कोरा असायचा. 'नाव' या शब्दापुढे रेघ, 'गाव' या शब्दापुढे रेघ. एकाचा भरलेला फॉर्म खोडून दुसऱ्याला द्यावा, असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. कॉम्प्युटरवर ते येतं. माझ्या आलं.

निवृत्तीनंतर मी आपल्या कामात आलो. एका कातकरी कुटुंबाच्या जातीच्या दाखल्यासाठी मी अर्ज, स्वघोषणापत्र आणि वंशावळ असे सगळे कागद वर्डमध्ये सुबक टाईप केले. दाखला मिळाला. कर्जतकडे काम करणाऱ्या आपल्या एका सहकाऱ्याला तीच फाइल मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "फक्त नावं बदला." त्याच्याकडे दहावी पास झालेली एक मुलगी होती. त्या वाडीतली दहावी पास झालेली पहिलीच. त्याने नावं बदलली. आजोबांचं नाव त्या कागदांत तीन ठिकाणी होतं. दोन ठिकाणी बदललं, तिसरं राहिलं. अर्जात एक आजोबा, वंशावळीत दुसरे, आणि ते दुसरे पनवेल तालुक्यातले. अर्ज परत आला, तोही काही आठवड्यांनी. तोवर प्रवेशाची मुदत गेली होती.

मुलीचे वडील मला भेटायला आले. रागावले नाहीत. "सर, कागुद परत आला," एवढंच म्हणाले आणि तो कागद माझ्या टेबलावर नीट सपाट करून ठेवला. दिवाळीनंतर ते कुटुंब नेहमीप्रमाणे वीटभट्टीवर गेलं, मुलगीही गेली. दाखला पुढच्या मे महिन्यात हातात आला. प्रवेश मात्र तिने घेतला नाही. लग्न ठरलं होतं.

चूक सहकाऱ्याची नव्हती. फॉर्म म्हणून मी त्याला दुसऱ्या माणसाचा भरलेला कागद दिला होता.

आपल्यापैकी बहुतेक जण आजही हेच करतात. मागच्या महिन्यात मी चार वाड्यांच्या कार्यकर्त्यांचे पेनड्राइव्ह पाहिले. 'उत्पन्न दाखला नवीन', 'उत्पन्न दाखला नवीन फायनल', 'फायनल 2', आणि प्रत्येकात कुणाचं ना कुणाचं नाव. म्हणून पहिलं काम हे करा: फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करा. वर्डमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना प्रकार निवडायची जागा असते, तिथे टेम्प्लेट निवडायचं. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, त्यातही ही सोय आहे. टेम्प्लेटवर दोनदा क्लिक केलं की मूळ फाइल उघडत नाही, तिची नवी कोरी प्रत उघडते. तुम्ही काहीही भरा, मूळ कोरंच राहतं. वर्डमध्ये आणखी एक कुलूप आहे. 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'मध्ये फक्त फॉर्म भरण्याची परवानगी ठेवली, की भरणाऱ्याचा कर्सर रिकाम्या चौकटींतच जातो. छापील मजकुराला धक्का लागत नाही.

आता त्या तीन आजोबांकडे येतो. लिब्रेऑफिसमध्ये फॉर्मच्या चौकटी टाकून त्याची भरता येणारी पीडीएफ काढता येते. प्रत्येक चौकटीला आतून एक नाव असतं. अर्ज, स्वघोषणापत्र आणि वंशावळ या तिन्ही पानांवरच्या चौकटींना 'आजोबा' हे एकच नाव दिलं, तर एका ठिकाणी भरलेलं तिन्ही ठिकाणी आपोआप उमटतं. पीडीएफ काढताना चौकटींची नावं सारखी ठेवण्याची परवानगी देणारी एक खूण असते, ती करायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक चौकट सुटी होते. ही खूण मला आधी माहीत असती तर... असो.

इथे एक गोम आहे, आणि ती आपल्या भाषेची आहे. पीडीएफच्या चौकटीत मराठी टाईप केलं तर पुष्कळ ठिकाणी अक्षरं नीट जुळत नाहीत. वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षर फुटतं. 'हिरा'ची वेलांटी 'ह'च्या मागे जाऊन बसते, 'विठ्ठल' तर ओळखू येत नाही. एका कॉम्प्युटरवर बरोबर दिसतं, दुसऱ्यावर मोडतं. नावाच्या एका वेलांटीवरून आपल्या लोकांना किती खेटे घालावे लागतात ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून माझा सल्ला असा. मराठी नावं टाईप करायची असतील तर वर्डचं किंवा लिब्रेऑफिसचं टेम्प्लेट वापरा आणि भरून झाल्यावर त्याची पीडीएफ काढा. पीडीएफच्या चौकटी आकडे, तारखा आणि हो-नाहीच्या खुणांसाठी ठेवा. मग आजोबांचं नाव तीनदा टाईप करावं लागेल. ते करा, आणि शेजारच्याला तिन्ही ठिकाणी मोठ्याने वाचायला लावा. किंवा नावाची जागा चक्क रेघ ठेवून पेनने लिहा. पेनने लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

फॉन्टही युनिकोडच हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या पद्धतीत केलेली फाइल ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसते. दुसऱ्याला देण्यासाठी जी वस्तू करायची, ती दुसऱ्याकडे उघडून बघितल्याशिवाय झाली असं म्हणू नये.

काही जण विचारतात, गुगल फॉर्म का नको? पनवेल 2016 साली महानगरपालिका झाली, पण डोंगराखालच्या आपल्या कित्येक वाड्यांवर रेंज शोधायला अजून टेकाडावर चढावं लागतं. टेम्प्लेट पेनड्राइव्हवर जातं, त्याला रेंज लागत नाही. शिवाय गुगल फॉर्ममध्ये भरलेली माहिती ज्याने फॉर्म बनवला त्याच्या खात्यात जमा होते. वाडीची साधी पाहणी करायची असेल तर तो चांगलाच आहे. पण मग दुसऱ्या कार्यकर्त्याला आपल्या फॉर्मचा संपादक करू नका, कारण त्याला सगळ्या नोंदी दिसतात. फॉर्मची प्रत काढून ती त्याला द्या. कोरा फॉर्म त्याच्या खात्यात जातो, आपल्या वाडीची माहिती आपल्याकडेच राहते. आधार क्रमांक तर अशा फॉर्ममध्ये विचारूच नका.

आता जमिनीचा फॉर्म. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक दाव्याचा नमुना 'अ' आहे. हे नमुने दावेदारांना सहज आणि मोफत मिळतील हे पाहणं उपविभागीय समितीचं काम आहे, असं 2008 च्या नियमांतच लिहिलं आहे. म्हणजे या फॉर्मसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आपलं टेम्प्लेटही फुकटच वाटायचं आहे. सरकारी नमुन्याचे शब्द, क्रम, अनुक्रमांक बदलायचे नाहीत; आपण फक्त भरण्याच्या जागा करायच्या. पण त्या जागा करताना डोकं वापरता येतं. नमुना 'अ' मध्ये पती किंवा पत्नीच्या नावाची जागा आहे. कार्यकर्ते ती घाईत रिकामी सोडतात. कायद्याप्रमाणे विवाहित दावेदारांचा हक्क दोघांच्या नावाने नोंदायचा आहे, म्हणून मी ती चौकट पिवळी केली आहे. पुराव्याच्या जागी एकच ओळ असते. नियमांप्रमाणे एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि वाडीतल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. ते मी वेगळ्या पानावर खुणांच्या यादीत दिलं आहे. 13 डिसेंबर 2005 ही कब्ज्याची तारीख त्याच पानावर ठळक केली आहे, म्हणजे जबाब घेताना कुणी "दहा-बारा वर्षं झाली असतील" असं मोघम लिहिणार नाही.

15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी समाज आहे. तिची शिबिरं लागतात तेव्हा आधार, जातीचा दाखला, बँक खातं अशी कामं एकाच मांडवात होतात. शिबिर एका दिवसाचं असतं आणि रांग मोठी असते. आदल्या संध्याकाळी वाडीवर बसून फॉर्म भरून ठेवले, तर त्या कुटुंबाची दुसऱ्या दिवसाची मजुरी वाचते. फॉर्मचा उपयोग विचाराल तर मी हाच सांगेन. दसरा-दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात, हे लक्षात ठेवून पावसाळ्यातच बसा.

भरलेल्या फॉर्मबद्दल थोडं. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माणसं गेली, घरं गेली आणि घरातले कागदही मातीखाली गेले. तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाला भरलेल्या फॉर्मच्या दोन छापील प्रती देतो आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवायला सांगतो. पण भरलेली फाइल मी माझ्या फोनवर ठेवत नाही आणि गटावर टाकत नाही. कोरा फॉर्म सगळ्यांचा, भरलेला फक्त त्या कुटुंबाचा.

बाहेर टेबलावर सहा पेनड्राइव्ह आहेत. त्यांत सात फॉर्म आहेत. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरांत तारीख आहे. नियम बदलला की तारीख बदलेल, म्हणून जुन्या तारखेचा फॉर्म पुढे पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो काढून नको. आणि जेवायला जाण्याआधी कुणीतरी एक फॉर्म इथल्या लॅपटॉपवर उघडून, आतमध्ये कुणाचं नाव राहिलेलं नाही ना, ते माझ्यासमोर बघा. मी काल रात्री दोनदा बघितलं आहे, तरी बघा.