आपले वाद्य, आपला सूर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ती नव्हे. गावातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेली बावीस वर्षे मी काम करते. पेट्यांची धूळ पुसणे, गिऱ्हाइकांना वाद्ये दाखवणे, दुरुस्तीला आलेल्या जिनसांच्या चिठ्ठ्या लिहिणे, असे माझ्या कामाचे स्वरूप. आपल्या चिटणीसबाई मागच्या महिन्यात टाळांच्या दोऱ्या घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुकानात बसून तुम्हाला जे दिसते तेच आम्हाला सांगा. चार उपयोगाच्या गोष्टी सांगा, नवेजुने वर्तमान सांगा." तेवढ्या आधारावर मी इथे उभी आहे.

दुकानात बसून मला सर्वांत अधिक काय दिसते, ते आधी सांगते. एखादे महिला भजनी मंडळ पेटी घ्यायला येते. सातआठ जणी असतात. पेटी पसंत होते, आणि मी विचारते, "आपण कोणत्या पट्टीत गाता?" त्या एकमेकींकडे बघतात. मग एखादी म्हणते, "पेटीवाले देतील त्या." भगिनींनो, या एका उत्तरात आपल्या पुष्कळशा अडचणींचे मूळ आहे.

पुरुषाचा गळा सर्वसाधारणपणे काळी एक ते काळी दोन या पट्ट्यांत मोकळा चालतो. बायकांचा गळा पांढरी पाच, काळी चार, कुणाचा काळी पाचपर्यंत. वय वाढते तसा आवाज थोडा खाली येतो, तेव्हा पांढरी चार किंवा काळी तीन बरी वाटते. आता पुरुष भजनी मंडळात वाजवणारे गृहस्थ आपल्याकडे आले, त्यांनी सवयीने काळी एक धरली, की आपले काय होते? खालच्या सुरात आवाज पोचत नाही, म्हणून आपण पुटपुटतो. आणि वरच्या सप्तकात गेलो की ओरडावे लागते. चार अभंग झाले की घसा बसतो. मग आपण म्हणतो, "आमच्या गळ्यात गाणे नाही." गाणे असते, बायांनो. पट्टी दुसऱ्याची असते.

आपली पट्टी शोधायला गुरू लागत नाही. सकाळी पोटात फार काही नसताना पेटीपुढे बसावे. एक पट्टी षड्ज म्हणून धरावी. तिथून खाली मंद्र पंचमापर्यंत सावकाश उतरावे आणि वर तार गंधारापर्यंत चढावे. खाली आवाज विझत असेल तर एक पट्टी वर जावे, वर मान ताणावी लागत असेल तर एक पट्टी खाली यावे. जिथे दोन्ही टोके सुखाने लागतात, तो आपला षड्ज. मंडळातल्या प्रत्येकीने हे करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. बहुतेकींचा मेळ एकदोन पट्ट्यांत बसतो असा माझा अनुभव आहे. मग वाजवणाऱ्याला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे, "आम्ही काळी चारमध्ये गातो."

"पण आमचा तबला काळी एकचा आहे, तो फेकून द्यायचा काय?" असा प्रश्न लगेच येतो. मुळीच नाही. काळी चार हा षड्ज धरला तर काळी एक हा तिचा मध्यम होतो. तबला मध्यमात मिळवून साथ करता येते. भूपासारख्या, मध्यम नसलेल्या रागातले पद असेल तर तोच तबला थोडा चढवून काळी दोनला आणावा, म्हणजे पंचम मिळतो. मात्र एखाद्या स्वराहून अधिक चढवू नये. वादीवर आणि पुडीवर ताण येतो. पुढे पैसे जमले की लहान तोंडाचा, पाच इंचांच्या आसपासचा तबला घ्यावा. तोंड लहान तितका सूर उंच, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आता पेटी घेताना काय पाहावे ते सांगते. भजनाला साडेतीन सप्तकांची, बेचाळीस पट्ट्यांची पेटी भरपूर होते. प्रथम भाता भरून घ्यावा, पुढची बटणे बंद ठेवावी, कोणतीही पट्टी दाबू नये आणि भाता किती वेळ धरून राहतो ते पाहावे. लगेच बसला तर हवा कुठेतरी गळते आहे. मग एकेक पट्टी हलक्या हाताने दाबून सूर लगेच बोलतो की उशिरा, हे ऐकावे. खर्ज आणि नर अशा दोन ओळींची पेटी असेल तर दोन्ही ओळी वेगवेगळ्या ऐकाव्या. स्केलचेंजरची पेटी महाग आणि जड असते. तिचे सांधे अधिक, म्हणून दुरुस्तीही अधिक. वाजवणारीला एकाच पट्टीत बोटे बसलेली असतील आणि गाणाऱ्या निरनिराळ्या असतील तरच तिचा उपयोग. आणि मंडळात एक जुनी पेटी असेल, तर नवी घेताना जुनी बरोबर घेऊन यावी. दोन्हींचे सूर एकमेकींशी जुळत नसतील, तर त्या एका बैठकीत कधीच नांदणार नाहीत.

आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्राची खारी हवा बारा महिने आहेच. आपण आगोटीला पापड, कुळीथ, मिरच्या सगळे सांभाळून ठेवतो, पण पेटी मात्र भिंतीला टेकून तशीच राहते. दमट हवेने लाकूड फुगते, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. भात्याचे चामडे मऊ पडते, झुरळे आणि उंदीर ते कुरतडतात. म्हणून मृगाच्या आधी पेटी झाडून पुसून घ्यावी, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावी, आत डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवाव्या. पट्टी अडकली तर खोबरेल तेल सोडू नये. तेलावर धूळ बसते आणि आज अडकलेली एक पट्टी उद्या चार होतात. उन्हातही तापवू नये, जोड सुटतात. सर्वांत चांगले औषध फुकटचे आहे. पावसाळ्यात रोज पंधरा मिनिटे पेटी वाजवावी. जी पेटी वाजते ती टिकते.

तबल्याचे दुखणे याच्या उलट आहे. पावसात कातडे सैल होते, सूर उतरतो, म्हणून आपण हातोडीने चढवत राहतो. पुढे दिवाळीची कोरडी हवा आली की तेच कातडे आवळते आणि रात्री कपाटात असतानाच पुडी फाटते. म्हणून बैठक संपली की ताण थोडा उतरवून ठेवावा. दुसरे असे, की डफ किंवा हलगी शेकून चढवतात, तसा तबला शेगडीवर धरू नये. त्याची शाई लोखंडाच्या किसाची आणि खळीची असते, एकेक थर देऊन, दगडाने घोटून बसवलेली. ती तापली की तिला तडे जातात. तेलाच्या हातांनीही वाजवू नये. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक मात्र वाजवून झाल्यावर आठवणीने काढावी. नाही तर रात्री उंदीर ती खातात आणि कातडेही खातात.

काही जणी मला विचारतात, "पेटी म्हणजे काही खरे वाद्य नव्हे असे म्हणतात, ते खरे का?" पेटी मूळची फ्रान्सची. पॅरिसच्या डेबेनने १८४० च्या सुमारास ती केली, ती पायाने भाता मारण्याची. आपण जमिनीवर बसून गातो, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याची पेटी प्रचारात आणली. तिच्यावर मींड घेता येत नाही, श्रुती बारीक दाखवता येत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. त्यापायी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पण त्याच महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक झाले. १९११ च्या 'मानापमाना'तल्या चाली त्यांच्याच. बंदीच्या एकतीस वर्षांत देवळांतली आणि घरांतली पेटी थांबली नाही. ती ज्या गळ्यांना आधार देत होती, त्यांनीच तिला जगवले.

आता थोडे वर्तमान. आंबा घाट ओलांडून कोल्हापूरवरून पुढे गेले की मिरज लागते. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारी करायला सुरुवात केली, आणि फरीदसाहेबांचे नाव त्यात पहिले घेतात. पंढरपूरकडचा भोपळा लागतो, लाकूड मुरवावे लागते, जवारी हाताने काढावी लागते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले, आणि त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेचाच. हल्ली मोबाइलमध्येही तंबोरा वाजतो. रियाजाला तो चालेल, मी कोणाला नको म्हणत नाही. पण जवारी लागलेला खरा तंबोरा मांडीशी घेऊन एकदा तरी बसा. सूर कानाने ऐकण्याआधी अंगाला कळतो.

दुसरे वर्तमान दक्षिणेकडचे. गोव्याने २०१९ साली घुमट हे आपले वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. आता बकऱ्याचे कातडे लावतात. गणपतीच्या आरतीला कोणी घुमट घेणार असेल तर हे विचारूनच घ्यावे.

आणि तिसरे, जे मला सर्वांत जवळचे. तबला हे पुरुषांचे काम, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री यांनी मैफलींतून स्वतंत्र तबलावादन केले, तबला-पखवाजांच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. २०१२ साली त्या निवर्तल्या. अनुराधा पाल आज देशोदेशी वाजवतात. मग आपल्या मंडळात तबल्यावर बसायला गावातले एक गृहस्थ मोकळे असतील तेव्हाच भजन व्हावे, हे कशासाठी? त्यांना लग्नाचे आमंत्रण आले की आपला गुरुवार बुडतो. भाकरी थापणाऱ्या हाताला ताल शिकवावा लागत नाही, ठेका तेवढा शिकवावा लागतो. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठांचा, भजनी ठेका आठांचा. तीन ठेक्यांवर आपले बरेचसे भजन उभे राहते.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगते. दुकानात पेटी विकायला येणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहते. "लग्नात माहेरून आणली होती, तीस वर्षे माळ्यावर आहे, आता घरी कोणी वाजवत नाही." कपडा काढला की कधीकधी आत जर्मन नाहीतर पॅरिसच्या बनावटीचे जुने रीड निघतात, तसे आज सहज मिळत नाहीत. भंगाराच्या भावात ती देऊ नका. आमच्या दुकानातले वृद्ध कारागीर अशी पेटी महिन्याभरात बोलती करतात. त्यांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही. त्यांचा हात चालतो आहे तोवर आपल्या माळ्यांवरच्या पेट्या खाली आल्या पाहिजेत.

मंडळाला माझ्या तीनच विनंत्या आहेत. आपली पट्टी वहीत लिहून ठेवावी. मंडळाच्या वाद्यांच्या कपाटाची किल्ली एका घरी न ठेवता दर महिन्याला पाळीने फिरवावी, म्हणजे प्रत्येकीच्या हाताखालून वाद्य जाईल. आणि सभासदांपैकी दोघींना तबला शिकायला पाठवावे; त्यांची फी मंडळाने भरावी. पुडी बसवण्याचे, सूर मिळवण्याचे काम आमच्याकडे घेऊन या. पण नुसते सूर कसे मिळवतात ते पाहायला आलात, तरी आम्ही आपल्याला पाट देऊ आणि चहाही देऊ.