अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दादर येथे केलेले भाषण)



संगणकाच्या कोष्टकात कामाचे तास कसे मांडावेत, हा विषय चिटणीसांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा काहींनी नाक मुरडले असेल. संमेलनाच्या दिवशी एखादा सरस विषय सुचू नये काय? परंतु आपल्यातील कित्येक तरुण आज कोणत्या ना कोणत्या कचेरीत हजेरीपट राखतात, आणि कित्येकजण पहारेकरी, परिचारिका, वाहनचालक म्हणून रातपाळी करतात. म्हणजे हिशेब लिहिणारा आणि ज्याचा हिशेब लिहिला जातो तो, असे दोघेही आज या सभागृहात शेजारी शेजारी बसले आहेत. या दोघांच्या मध्ये जे कोष्टक उभे आहे, त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

लालबाग-परळच्या वस्तीला कामाच्या तासांचा प्रश्न नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची बाजू उचलून धरली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पडली. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी भोंगा वाजेना अशी अवस्था झाली. पुरुष कामगाराच्या दिवसाला कायद्याने मर्यादा पडली ती १९११ साली, आणि तीही बारा तासांची. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये चौपन्न, आणि १९४६ च्या दुरुस्तीने व १९४८ च्या कारखाने कायद्याने अठ्ठेचाळीस. साठापासून अठ्ठेचाळिसापर्यंत येण्यास चोवीस वर्षे लागली. हे आकडे कृपया स्मरणात ठेवावेत. पुढे त्यांची गंमत सांगावयाची आहे. गंमत म्हणतो खरा, पण ज्याचा पगार कापला जातो त्याला ती गंमत वाटत नाही.

याच काळातील दुसरी हकीकत घड्याळाची. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. त्याच महिन्यात काही हजार गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध काम बंद ठेवले, आणि या शहरात मुंबई वेळेचा वापर १९५५ पर्यंत टिकून होता. त्या कामगारांना अडाणी म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मी तसे म्हणणार नाही. नव्या घड्याळातील सहा म्हणजे जुन्या घड्याळातील पाच वाजून एकवीस मिनिटे. भोंगा नव्या सहाला वाजला, तर झोपेतली ३९ मिनिटे जातात, हे त्यांना बरोबर कळले होते. घड्याळात वाजलेली वेळ वेगळी आणि उलटलेला काळ वेगळा, हा भेद त्यांच्या अंगी मुरलेला होता.

संगणकातील एक्सेल नेमका हाच भेद ओळखत नाही. १९८५ साली निघालेल्या या साधनात वेळ साठविण्याची रीत मात्र आपल्या पंचांगाला जवळची आहे. पंचांगकर्ता अहोरात्राच्या साठ घटिका करतो, घटिकेची साठ पळे करतो. एक्सेलही पूर्ण दिवसाला १ मानतो आणि बाकी सर्व त्याचे अंश. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. (मूळ गणनेत १९०० साली २९ फेब्रुवारी होती, असे हे विद्वान यंत्र आजही मानते. लोटस नावाच्या जुन्या साधनाशी जुळावे म्हणून ही चूक मुद्दाम सांभाळली आहे. असो.)

आता एखादा कारकून सहा दिवसांच्या चौकटींत ८:०० असे लिहितो आणि खाली बेरीज मागतो. यंत्राच्या पोटात उत्तर बरोबर असते : २, म्हणजे दोन पूर्ण दिवस. परंतु दाखविताना ते घड्याळाचा मुखवटा चढविते, आणि घड्याळात चोविसानंतर पुन्हा शून्य येते. म्हणून १९२२ चे साठ तास तेथे १२:०० दिसतात, १९३४ चे चौपन्न तास ६:००, आणि ज्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी संप केले, ते अठ्ठेचाळीस तास दिसतात ०:००. सबंध आठवडा राबलेल्या माणसापुढे शून्य! बारा तासांच्या सहा रात्री करणाऱ्या पहारेकऱ्याचे बहात्तर तासही शून्यच.

उपाय अगदी सोपा आहे. चौकटीचे स्वरूप ठरविण्याच्या यादीत स्वतःचे स्वरूप लिहिण्याची सोय असते. तेथे तासाचे ‘एच’ हे अक्षर चौकोनी कंसात घालावे, मग विसर्गचिन्ह आणि दोन ‘एम’. त्या कंसाचा अर्थ इतकाच, की चोविसापाशी थांबू नकोस. लगेच ४८:०० दिसू लागते. गूगलच्या कोष्टकात याच कामासाठी ‘ड्यूरेशन’ या नावाचे तयार स्वरूप आहे.

रातपाळीची अडचण निराळी. रात्री आठला आला, सकाळी आठला सुटला. आठातून वीस वजा जात नाहीत आणि चौकट जाळीसारख्या खुणांनी भरून जाते. वजाबाकी ‘मॉड’ या सूत्रात घालून भाजक १ दिला की बारा तास मिळतात. तथापि कोणी सलग चोवीस तास कामावर राहिला, तर हेच सूत्र शून्य सांगेल. त्यापेक्षा येण्याची आणि सुटण्याची तारीखही वेळेसोबत लिहावी, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. थोडे श्रम पडतात, पण पुढे वाद उरत नाही.

खरे नुकसान होते ते जादा कामाच्या मोबदल्यात. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ रात्रीच्या पहाऱ्यावर होते. त्यांच्या मालकाचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांच्या पगारपत्रकातील प्रकार समजावा म्हणून सोयीचे आकडे घेतो. समजा, आठवड्याचे काम ५२ तास १५ मिनिटे झाले, दर तासाला शंभर रुपये, आणि १९४८ च्या कायद्याने घालून दिल्याप्रमाणे जादा कामाला दुप्पट. जादा वेळ सव्वाचार तास. देय रक्कम ८५० रुपये. आता कारकुनाने बेरजेतून नुसते ४८ वजा केले, तर यंत्र ते अठ्ठेचाळीस दिवस समजते. म्हणून ४८:०० एवढा काळ एका चौकटीत लिहून ती चौकट वजा करावी. ४:१५ मिळाले आणि त्याला सरळ दोनशेने गुणले, तर उत्तर येते ३५ रुपये ४२ पैसे, कारण पोटात सव्वाचार नसून दिवसाचा अंश आहे. आधी चोविसाने गुणावे, मग दराने. त्या गृहस्थांना तीन महिने अशी तुटपुंजी रक्कम मिळत राहिली आणि ‘यंत्र चुकत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. यंत्र चुकले नव्हते हे खरेच. पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. शेवटी त्यांच्या कन्येने हा हिशेब कागदावर मांडून दाखविला, तेव्हा फरक मिळाला.

फुटकळ गोष्टी दोन. साडेसात तास ७.३० असे टिंब देऊन लिहू नयेत. असे दोन दिवस मिळविले तर १४.६० येतात, आणि वस्तुतः होतात पंधरा तास. तसेच पंचेचाळीस मिनिटे तीस सेकंद लिहिताना आधी शून्य तास लिहावेत, नाहीतर यंत्र त्याला पंचेचाळीस तास तीस मिनिटे समजते. आपल्या क्रीडास्पर्धांचे निकाल लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

नमुन्याचे एक कोष्टक मी तयार करून चिटणीसांकडे दिले आहे. येण्या-सुटण्याची तारीख व वेळ, विश्रांती, एकूण, जादा आणि रक्कम असे त्यात रकाने आहेत. ज्यांना आपली पगारपत्रके ताडून पाहावयाची असतील, त्यांनी ती घेऊन कार्यालयात यावे; तेथे संगणकही आहे आणि बसावयास जागाही आहे.