गायरानातील खोप आणि दंडाची पावती
(भूमिहीन शेतमजुरांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गायरानाच्या प्रश्नावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. या प्रश्नाचा इतिहास आपणांस मी सांगावा असे नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत तुरुंगात गेलेल्यांची मुलेनातवंडे या सभेत बसली असतील. मराठवाड्यात पुढे एकनाथ आवाड यांनी हेच काम गावोगाव नेले, तेही आपण पाहिले आहे. म्हणून मी इतिहास बाजूला ठेवतो आणि एका माणसाविषयी बोलतो. तो माझा बालमित्र आहे. त्याचे नाव मी घेणार नाही, कारण त्याला अजून त्याच गावात राहावयाचे आहे.

आम्ही दोघे एका वर्गात होतो. १९७२ च्या दुष्काळात शाळा सोडून एकाच कामावर खडी फोडली आणि एकाच रांगेत उभे राहून सुकडी खाल्ली. दुष्काळ सरला तेव्हा मी वडिलांच्या बागाईत रानात परतलो. त्याच्या वडिलांना परतण्यासाठी रान नव्हते. त्यांनी गावाच्या उत्तरेकडील गायरानात दोन एकर मुरमाड माळ फोडला, धोंडे वेचून बांध घातले आणि बाजरी, मटकी, हुलगे पेरू लागले. वडिलांच्या मागे तेच रान मित्राने कसले.

२००९ सालच्या आश्विनातील गोष्ट. बाजरी कापणीला आली होती आणि तो खोपीत राखणीला निजला होता. मध्यरात्रीनंतर पंधरा-वीस माणसे आली. काठ्या होत्या, दोघांच्या हाती कुऱ्हाडी होत्या. डाव्या हाताची तीन बोटे गेली, डोक्यास खोल जखम झाली, खोप पेटवून देण्यात आली. त्याच्या पत्नीने त्याला ओढत ओढ्याच्या पात्रात नेऊन लव्हाळ्यात निजविले आणि पहाटेपर्यंत त्याच्या तोंडावर हात धरून ती बसून राहिली. कण्हण्याचा आवाज ऐकू गेला असता तर तो वाचला नसता. हल्ला करणाऱ्यांत माझ्या भावकीतील माणसे होती, हे येथे सांगून टाकलेले बरे.

पोलीस ठाण्यात ही प्रथम किरकोळ मारामारी ठरली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालील गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा असे १९९५ चे नियम सांगतात. परंतु गुन्हा त्या कायद्याखाली नोंदविला गेला तर तपासाचा दर्जा ठरणार! तो नोंदवून घेण्यात अकरा दिवस गेले. तोवर कापणीला आलेली बाजरी कोणी कापून नेली, याचा पंचनामा कोणी केला नाही.

मग गावातील चार प्रतिष्ठित माझ्याकडे आले. दवाखान्याचा खर्च गाव देईल, वर दोन पोती ज्वारी देईल, तुम्ही मित्र आहात, तुम्ही मिटवा. मी नकार दिला आणि फिर्यादीच्या बाजूने जबाब देण्याची तयारी दाखविली. मित्रानेच मला अडविले. तो म्हणाला, "तू मधी पडू नको. मी तर मेलोच हुतो. तुला बी याच गावात ऱ्हायचंय." तरीही मी जबाब दिला. पाच वर्षे खटला चालला. पंच फुटले, एका साक्षीदाराने गाव सोडले आणि सर्व आरोपी सुटले.

खटल्यात बचाव पक्षाचा मुद्दा एकच होता, आणि आपण त्याकडे नीट पाहिले पाहिजे. वकील म्हणाले, ही जमीन फिर्यादीची नाहीच. तो अतिक्रमणदार आहे. गावाने आपल्या गुरांचे कुरण राखले, यात जातीचा संबंध काय? जमिनीचा वाद की जातीचा, असा प्रश्न जणू ही दोन वेगळी गाठोडी आहेत अशा थाटात विचारला जातो. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेथे शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा ना सत्र न्यायालयाने लावला ना २०१० साली उच्च न्यायालयाने. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्याच्याच हाती जमिनीचा कागद नसतो, एवढी साधी गोष्ट न्यायनिवाड्यात कोठे बसत नाही.

कुरणाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. मेंढपाळाला आणि दोन शेळ्या पाळणाऱ्या विधवेला गायरान हवेच आहे. परंतु त्याच गायरानाला लागून ज्यांची बागाईत आहे, त्यांचे बांध दरवर्षी दोन हात पुढे सरकतात, त्यांवर कुऱ्हाड घेऊन कोणी गेल्याचे मी ऐकलेले नाही.

आता कायद्याकडे येतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासनाचा निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. माझ्या मित्राचे रान त्यात सहज बसते. अडले ते पुराव्यावर. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. तलाठ्याने तुम्हांला दंड केला, तर तुमचे नाव तीत चढते आणि पावती मिळते. म्हणजे ज्याला सरकारने गुन्हेगार म्हणून दंड केला, त्याचाच ताबा सिद्ध होतो! ज्याच्यावर तलाठ्याने दया केली किंवा ज्याच्याकडे तो फिरकलाच नाही, त्याचे पन्नास वर्षांचे कष्ट कागदावर शून्य. मित्राच्या वडिलांना १९८४ आणि १९८७ साली दंड झाला होता. त्या दोन पावत्या खोपीतल्या पत्र्याच्या पेटीत होत्या, आणि खोप जळाली.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, पण भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय आदेशान्वये दिलेल्या जमिनींचा अपवादही मान्य केला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा या अपवादाची आठवण किती कचेऱ्यांनी ठेवली? मित्रालाही नोटीस आली. बोटे तोडणाऱ्यांना जे साधले नाही, ते एका छापील कागदाने साधेल अशी धास्ती त्याच्या घरात आहे.

एक बदल आपल्या उपयोगाचा आहे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. बळकावलेली जमीन पीडिताच्या मालकीची किंवा त्याला वाटप झालेली असावी, अशी पूर्वीची अट होती. आता नुसता ताबाही पुरतो. शिवाय साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम आले आहे. २००९ साली हे असते तर तो साक्षीदार गाव सोडून गेला नसता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण संरक्षण मागण्यास त्याला आधार तरी मिळाला असता.

म्हणून आज ठराव करून उठून जाऊ नये. महसूल संहितेच्या कलम ५१ खाली अतिक्रमण नियमित करण्याचे अर्ज लिहून देण्यासाठी काही कार्यकर्ते उद्या सकाळी दहा वाजता तहसील कचेरीच्या आवारात बसणार आहेत. एक-ईचा उतारा मागण्याचे अर्जही तेथेच मिळतील. दंडाच्या पावत्या, फाटक्या असल्या तरी, सोबत आणाव्यात आणि मूळ पावती कोणाच्याही हाती न देता तिची नक्कलच द्यावी.