विंडोज ११ घ्यायचं की थांबायचं?

मी श्रीपेरुंबुदूरहून बोलतोय. चेन्नईजवळच्या या गावात २००७ पासून डेलचा कॉम्प्युटरचा कारखाना आहे. म्हणून घरच्यांना वाटतं, याला सगळं माहीत!

धाकट्या भावाचं पंढरपूरला झेरॉक्सचं दुकान आहे. त्यानं विचारलं, "दादा, मशीन २०१६ची, मस्त चालते. मग बदलू कशाला?"

प्रश्न रास्त आहे. विंडोज १० काही बंद पडलेलं नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणजे नवी भोकं सापडली, तर ती मोफत बुजवणारे अपडेट आता आपोआप येत नाहीत. आणि त्याच्या मशीनवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पासबुकं असतात. जोखीम त्याची एकट्याची नाही.

विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्याची मशीन यात बसत नाही. जुगाड करून टाकता येतं, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही.

मी त्याला सांगितलं: मशीन बसत असेल, तर बॅकअप घे आणि बदल, ते मोफत आहे. बसत नसेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदव. ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत. तोवर पैसे साठव. जुन्या मशीनवर लिनक्स टाक. चेन्नईच्या सी-डॅकचं 'बॉस' मराठीतही चालतं. फक्त प्रिंटर चालतो का, ते आधी बघ.

नवं दिसतं म्हणून बदलू नका. दुसऱ्याची कागदपत्रं सांभाळता, म्हणून बदला.