समुद्रशास्त्र आणि वाटखर्च

वसईच्या किल्ल्याला वळसा घालून खाडीच्या मुखाशीं आलें म्हणजे पाचूबंदर लागतें. येथील कोळी भरती-ओहोटीच्या ओढींत डोल जाळीं लावतात. हें जाळें मासळीच्या मागें धांवत नाहीं. प्रवाहाबरोबर येणाऱ्या बोंबलाची, जवळ्याची तें वाट पाहतें. समुद्राचा स्वभाव पालटला कीं त्याची झळ अशा बंदराला लवकर लागते. अवेळीं पाऊस आला तर सुकत घातलेले बोंबीलही नासतात. १७ मे २०२१ रोजीं मुंबईच्या किनाऱ्यासमोरून गेलेलें तौक्ते चक्रीवादळ याच अरबी समुद्राचें.

या पालटाचा हिशेब ठेवणारीं माणसें थोडीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, त्यापूर्वीच्या ६ दशकांत पश्चिम हिंदी महासागरांतील वनस्पती-प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले. प्लवक म्हणजे समुद्राचें गवतच. त्यावर बारीक जीव जगतात आणि त्यांवर मासे. अशा घटीचा अर्थ लावावयाचा तर उपग्रहाचीं मापें, जहाजावरील निरीक्षणें आणि बंदरावर उतरलेल्या मासळीचे आंकडे एकत्र यावे लागतात. तीं बाळगणारीं माणसें एकमेकांस भेटतात तीं परिषदेंत.

परिषदेला जातात ते बहुधा प्रमुख. जावेंतच, पण पहाटे बंदरावर उभा राहून मासळी मोजणारा तरुण संशोधक, मुलगा असो वा मुलगी, घरींच राहतो. शिष्यवृत्ति खाण्यास व घरभाड्यासच पुरते. प्रवासभाडें, नोंदणी, व्हिसा हें सारें वर. पुष्कळदां हा खर्च मंजूर होतो, पण पैसे आधीं पदरचे घालावयाचे आणि पावत्या देऊन मागाहून मिळवावयाचे. ज्याच्या घरीं कर्जावांचून एवढी रक्कम उभी राहत नाहीं, त्याला ‘मागाहून’ हा शब्द नकारासारखाच. साहाय्य द्यावयाचें तें तिकिटाआधींच हातीं पडावें.

यास मार्ग नाहीं असें नव्हे. समुद्र-संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिति १९५७ सालीं स्थापन झाली. हिंदी महासागराची मोहीम हें तिचें पहिलें मोठें कार्य, आणि त्या मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ सालीं आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. हीच समिति विकसनशील देशांतील शास्त्रज्ञांना परिषदांच्या प्रवासासाठीं मदत करते. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक येथील समुद्रसंस्थांनीं तर २००७ सालीं बाल्टिमोरला केवळ नवोदित शास्त्रज्ञांचीच परिषद भरविली. डिसेंबर २०१५ मध्यें हिंदी महासागराच्या दुसऱ्या मोहिमेचा आरंभ गोव्यांतच झाला. परिषद इतकी जवळ आली म्हणजे कोंकणांतील विद्यार्थ्याला रेल्वेचें भाडें पुरतें. म्हणून अशा सभा आपल्या किनाऱ्यावर अधिक भराव्यात.

वाटखर्च देणाऱ्यानें एक अट मात्र खुशाल घालावी. परतल्यावर त्या तरुणानें एक संध्याकाळ पाचूबंदरसारख्या ठिकाणीं बसून, परिषदेंत काय ऐकलें तें साध्या मराठींत सांगावें. पावसाळ्यांतील मासेमारी-बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या असतात, ऐकणाऱ्यांना सवड असते. आणि बोंबील कुठें गेला हें विचारणारे तेथें पुष्कळ भेटतील.